एक पाशिंजर कमी

डब्लिनच्या ब्लँचर्डस्टाउन उपनगरातल्या त्या घरात सकाळ व्हायची ती खलबत्त्याच्या आवाजानं. घरात मिक्सर होता, चांगला तीन भांड्यांचा, पण आबांच्या मते मिक्सरची चटणी म्हणजे भुसा. विट्याजवळच्या गावाहून येताना त्यांनी सामानात लोखंडी खलबत्ता घातला होता, आणि विमानतळावर बॅग उघडणाऱ्या माणसाला हे काय आहे ते आधी हातवारे करून आणि शेवटी चक्क कुटून दाखवलं होतं. सात वाजले की ठक, ठक, ठक. वर माझ्या खोलीतली पलंगाची फळी थरथरायची. मग खालून वहिनींचा आवाज, "आबा, शेजारची म्हातारी परत चिठ्ठी टाकेल हं!" आणि आबांचं ठरलेलं उत्तर, "तिला बी दे की वाईच चटणी. गप बसंल." त्यापाठोपाठ लसणाचा वास जिना चढून वर यायचा, आणि कितीही उशिरा झोपलेली असले तरी मला उठावंच लागायचं.

वहिनी म्हणजे माझ्या आईच्या मैत्रिणीची मुलगी. त्यांचे यजमान, म्हणजे दादा, तिथल्या एका हॉस्पिटलात डॉक्टर होते आणि आबा हे दादांचे वडील, तीन महिन्यांसाठी लेकाकडे आलेले. मी ठाण्याहून डब्लिनला एमएस करायला गेले तेव्हा वहिनींनीच वरची छोटी खोली देऊ केली. त्यांचा त्यात एक स्वार्थ होता. पाच वर्षांच्या इराच्या कानावर मराठी पडावं म्हणून त्यांना घरात आणखी एक मराठी तोंड हवं होतं. ते तोंड मी भरपूर चालवलं, पण उपयोग शून्य. मी मराठीत विचारायचे, ती आयरिश हेल काढून इंग्रजीत उत्तर द्यायची. "इरा, दूध संपलं का?" की "आयम ग्रँड", म्हणजे मी ठीक. कपाटाला ती तिथल्या लोकांसारखं प्रेस म्हणायची. महिन्याभरात आम्ही सगळेच म्हणायला लागलो. आबासुद्धा, "त्या पिरेसमदनं डबा काढ गं."

आबांनी एसटीत तीस वर्षं कंडक्टरकी केली होती आणि निवृत्त झाले तरी ती त्यांच्या अंगातून उतरली नव्हती. डब्लिनच्या बसमध्ये कंडक्टरच नाही हे कळल्यावर ते दोन दिवस अस्वस्थ होते. बसमध्ये चढलो की आमची सगळ्यांची तिकिटं ते स्वतःकडे घ्यायचे आणि पांढऱ्या टोपीच्या घडीत खोचून ठेवायचे. घराबाहेर पडताना माणसं मोजायचे, परत आत येताना पुन्हा मोजायचे. संध्याकाळी मी थिसिसचं काम घेऊन स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले की समोर बसून लसूण सोलत गोष्टी सांगायचे, आणि सगळ्या गोष्टी फुकट्या प्रवाशांच्या. कोण तिकीट हरवलं म्हणून रडला, कोण मुक्याचं सोंग घेऊन बसला, कोणी आपल्या धडधाकट बारा वर्षांच्या मुलीला मांडीवर घेऊन तान्ही म्हणून खपवलं. "समद्यात लई सोपं मंजी झोपल्याचं सोंग," ते म्हणायचे. "खऱ्या झोपलेल्याच्या पापण्या हालत न्हाईत. सोंगाड्याच्या फडफडत्यात. म्या नुसतं म्होरं जाऊन हुबा ऱ्हायाचो. आपसूक डोळं उगडायचं बेनं." तीस वर्षांत एकही माणूस त्यांनी फुकट नेला नव्हता. सख्ख्या मेव्हण्याला मध्येच रस्त्यात उतरवलं होतं, आणि त्यावरून सासुरवाडीशी सात वर्षं अबोला होता. हे ते अभिमानानं सांगायचे.

आता मुद्द्यावर येते, नाहीतर मी त्या स्वयंपाकघरातच बसून राहीन. तो जुलै होता. थिसिस द्यायला पाच आठवडे राहिले होते, आणि त्याच आठवड्यात डब्लिनमधल्याच चेरीवूडच्या एका कंपनीचं पत्र आलं होतं. पदवी हातात पडली की ऑक्टोबरपासून या. ते पत्र मी इतक्यांदा वाचलं होतं की पाठ झालं होतं. मी तेव्हा भारी शहाणी होते. इथले नियम, इथले रस्ते, इथली माणसं, सगळं आपल्याला कळतं असं मला वाटत होतं. आबांना टीव्हीवर कुठेतरी टायटॅनिक दिसली आणि ती जिथं बांधली ते बेलफास्ट इथून बसनं जेमतेम अडीच तासांवर आहे हे दादांच्या तोंडून कळलं. तेव्हापासून त्यांनी धोसरा धरला. "येवडी मोटी बोट कुटं केली ती जागा तरी बगू द्या." दादांना त्या वीकेंडला ड्यूटी, वहिनींना इराच्या शाळेतल्या मैत्रिणीचा वाढदिवस. मग वहिनी म्हणाल्या, "स्नेहल, तूच ने ना त्यांना. तुलाही जरा हवापालट. थिसिस थिसिस करून चेहरा बघ कसा झालाय."

बेलफास्ट म्हणजे दुसरा देश, तिथं ब्रिटनचा व्हिसा लागतो, हे मला माहीत नव्हतं का? होतं. पण आबांच्या पाहुण्याच्या व्हिसावर कोपऱ्यात चार बारीक अक्षरं छापलेली होती, आणि त्यांच्या जोरावर त्यांना दोन्हीकडे फिरता येत होतं. वहिनींनी तो व्हिसा मला मोबाईलवर दाखवला आणि म्हणाल्या, "तीन महिन्यांसाठी आलेल्या माणसाला जर चालतंय तर तू तर इथली कार्डवाली, राहायचा परवाना असलेली. तुला कोण अडवणार?" आम्हा दोघींना हे इतकं सरळ वाटलं की पुढे कुणी काही वाचलंच नाही. पाहुण्यापेक्षा घरच्याचा हक्क जास्त, हे आपल्या रक्तात असतं. सरकारी कागद त्याच्या बरोबर उलटा चालतो हे आज मला कुणी झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. तेव्हा मी नुसतं कार्ड पर्समध्ये आहे ना ते बघितलं आणि रविवारी सकाळी आबांना घेऊन बसमध्ये बसले.

जाताना काय मजा आली! ब्रेक्झिटमुळे रेडिओवर त्या वर्षी दिवसभर बॉर्डर, बॉर्डर, बॉर्डर चालायचं, आणि प्रत्यक्ष रस्त्यावर बॉर्डर कुठे दिसेल तर शपथ. नाका नाही, फाटक नाही, साधा पोलीस नाही. मी मोबाईलमध्ये डोकं घालून बसले होते. आबांनी मला कोपरानं ढोसलं. "पोरी, हद्द बदलली." मी म्हटलं, कशावरून? तर त्यांनी रस्त्याच्या कडेला बोट दाखवलं. इतका वेळ कडेला असलेली पिवळी पट्टी पांढरी झाली होती. "रस्ता रंगवनाऱ्याचा सायेब बदलला," ते म्हणाले आणि स्वतःवरच खूश होऊन हसले. मी त्याचा फोटो काढला. म्युझियमसमोर टोपी सावरत उभ्या असलेल्या आबांचाही काढला आणि दोन्ही फोटो ऑनलाइन टाकले, सगळ्यांना दिसतील असे. वर लिहिलं, 'आबा इन बेलफास्ट'. अक्कल गहाण टाकणं यालाच म्हणतात.

म्युझियममध्ये आबांनी प्रत्येक पाटीसमोर उभं राहून मला वाचायला आणि सांगायला लावलं. जहाजाचा सांगाडा, रिव्हेटा मारणारी माणसं, तळातले कोळसेवाले, सगळं त्यांनी मन लावून पाहिलं. मग आम्ही जीवरक्षक होड्यांच्या पाटीशी आलो. मी सांगितलं की होड्या कमी होत्या, माणसं जास्त होती. "मंजी सीटा कमी हायेत हे म्हाईत असून पाशिंजर भरली?" "हो." "आन् मोजनारा कोन नव्हता?" मी म्हटलं, मोजणारे होते हो आबा, पण मोजून काय करणार, जागाच नव्हती. ते बराच वेळ तिथून हलले नाहीत. माझ्या फोनवर तेवढ्यात मेसेज आला, कॉर्कला राहणाऱ्या प्राचीचा. ती माझी ठाण्याची मैत्रीण, तिकडे फार्मामध्ये नोकरीला. 'अगं, तुला यूकेचा व्हिसा कधी मिळाला?'

मी लिहिलं, लागत नाही, माझं कार्ड आहे. दोन सेकंदांत तिचा फोन. "स्नेहल, वेडी आहेस का? कार्ड तिकडे चालत नाही! माझ्या रूममेटला परत येताना बसमधून उतरवलं होतं. कार्ड काढून घेतलं, चार महिने घरी बसली होती ती, शेवटी इंडियात परत गेली. तू आधी ते फोटो काढून टाक बघू!" मी फोटो काढून टाकले. मग कंपनीचं पत्र आठवलं, मग ठाण्याला बाबांनी सोसायटीत वाटलेले पेढे. पाच आठवडे, फक्त पाच आठवडे राहिले होते, आणि मी ते बोट बघण्यापायी घालवायला निघाले होते. आणि परत जायला रस्ता एकच, तोच.

आबांना सांगायचं नाही असं मी ठरवलं. ते तासभर टिकलं. बस स्टेशनच्या बाकावर त्यांनी फडकं सोडलं, दशम्या काढल्या, वर चटणी ठेवली, माझ्या हातात दिली. मी नुसतीच धरून बसले. "त्वांड का उतारलंय तुजं?" काही नाही म्हटलं. "मगाधरनं चारदा पर्स उगडून कारड बगितलंस. ज्याच्याकडं तिकीट नसतं त्योच येवडा खिसा चाचपतो." झालं. मी रडायलाच लागले आणि सगळं सांगून टाकलं. आबा शेवटी एवढंच म्हणाले, "मंजी तू हितं बिगर तिकिटाची हायेस." मी मान हलवली. सख्खा मेव्हणा उतरवलेला माणूस होता तो.

त्याच बाकावर पलीकडे एक नायजेरियन बाई बसल्या होत्या, चाळिशीच्या, डोक्याला पिवळं फडकं गुंडाळलेलं, पायाशी मोठी निळी चाकांची पिशवी. मला रडताना पाहून त्यांनी टिश्यू दिला. आबांनी लगेच त्यांच्यापुढे दशमी धरली, चटणीसकट. बाईंनी घास घेतला, डोळ्यांत पाणी आलं, आणि मग त्या इतक्या मोठ्यानं हसल्या की आबाही हसले. मला हळूच विचारलं, व्हिसा नाही ना? माझ्या चेहऱ्यावरूनच त्यांना कळलं. म्हणाल्या, माझाही नाही. बहीण इथे असते, आजारी असते, मी वर्षातून दोनदा येऊन जाते. कधी तपासतात, कधी नाही. मग माझ्याकडे झुकून अगदी खालच्या आवाजात म्हणाल्या, "मी सांगते की डंडॉकला चढले. बस हद्द ओलांडली की डंडॉकला थांबते ना, आपल्या बाजूला. डंडॉकला माझी मैत्रीण आहे, रविवारी जेवायला गेले होते. आजपर्यंत दोनदा विचारलंय, दोन्ही वेळा सोडलं." त्या डब्लिनमधल्या एका वृद्धाश्रमात काम करत होत्या आणि सोमवारी सकाळी सातला त्यांची ड्यूटी होती. हे सगळं त्यांनी मला मी न विचारता सांगितलं. मी त्यांचं नावसुद्धा विचारलं नाही.

बसमध्ये आबांनी मला खिडकीपाशी बसवलं आणि स्वतः वाटेच्या बाजूला बसले. दोन्ही तिकिटं टोपीच्या घडीत गेली. त्या बाई आमच्यामागे दोन रांगा सोडून बसल्या. जुलैची संध्याकाळ, साडेसहाला दुपारसारखं ऊन. मी रस्त्याच्या कडेची पांढरी पट्टी बघत होते आणि ती पिवळी होऊ नये असं मला वाटत होतं, आणि लवकर व्हावी असंही वाटत होतं. हद्दीआधीचं शेवटचं गाव, न्यूरी, गेलं. पट्टी पिवळी झाली. "आलो हद्दीत," आबा म्हणाले. मी डोळे मिटले. लगेच कोपर लागलं. "झोपू नगंस. समोर बग. आन् कोन चडला तर त्येच्याकडं बग, नजर चुकवू नगंस. म्या पयलं त्यालाच धरायचो." मी हो म्हटलं आणि समोर बघायला लागले. समोरच्या सीटच्या कापडावर लाल ठिपके होते. मी ते मोजत बसले. डंडॉकला बस थांबली. तीन माणसं चढली, दोन उतरली. बस निघाली. मला वाटलं, सुटले! मी आबांकडे बघून हसलेसुद्धा. डंडॉक सोडून दहा मिनिटं झाली असतील, बस हळू झाली, कडेला वळली आणि थांबली. दार उघडल्याचा फुस्स आवाज आला.

इमिग्रेशनचे दोघं होते. एक बाहेरच उभा राहिला आणि एक अधिकारीण आत आली. उंच, तिशीची, केस घट्ट बांधलेले, अंगावर चमकतं पिवळं जाकीट. ड्रायव्हरशी हसून काहीतरी बोलली. मग पुढून मागे निघाली. पहिल्या रांगेतल्या गोऱ्या जोडप्याला तिनं हाय म्हटलं. दुसऱ्या रांगेतल्या चिनी मुलीचा पासपोर्ट बघितला. तिसऱ्या, चौथ्या रांगेत कुणालाच काही विचारलं नाही. पाचव्या रांगेत आम्ही. आबांनी पासपोर्ट आधीच काढून गुडघ्यावर ठेवला होता. तिनं व्हिसा बघितला, ती चार अक्षरं बघितली, मान डोलावली आणि "टिकेट?" म्हणाली. हा शब्द जगात कुठेही आबांना कळला असता. त्यांनी हात वर नेला. टोपीच्या घडीत दोन तिकिटं एकमेकांना चिकटून होती आणि दोन्हींवर बेलफास्ट छापलेलं होतं. आबांच्या बोटांनी घडीत चाचपलं आणि एक तिकीट बाहेर आलं. एकच.

"अँड युअरसेल्फ?" मी कार्ड दिलं. ते खरं होतं, मुदतीतलं होतं. तिनं उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, तू कुठे चढलीस? आणि माझ्या तोंडून आलं, "डंडॉक." आवाज माझाच होता, पण इतका सरळ, इतका निवांत, की मला स्वतःला आश्चर्य वाटलं. डंडॉकला मैत्रीण आहे, जेवायला गेले होते. शब्दसुद्धा त्या बाईंचेच. अधिकारीण माझ्याकडे बघत राहिली. मग आबांकडे बघितलं, पुन्हा माझ्याकडे. हे तुझ्याबरोबर आहेत का? मी म्हटलं, नाही, सीट रिकामी होती म्हणून बसले. तिनं आबांना बोटानं दोघांकडे दाखवून विचारलं, "टुगेदर?" आबांना इंग्रजी येत नव्हतं, पण ते बोट कळायला इंग्रजी कशाला हवं? सकाळपासून मला पोरी पोरी म्हणणाऱ्या, माझ्या हातात दशमी देणाऱ्या त्या माणसानं माझ्याकडे एकदा अनोळखी नजरेनं बघितलं आणि मान हलवली. नाही. "ग्रँड, सो," ती म्हणाली आणि पुढे गेली.

मला तेव्हा काय वाटलं ते खरं सांगते, कारण इतक्या वर्षांनी खोटं लिहून काय मिळवायचंय? मला आनंद झाला. नुसता आनंद, अगदी पोटातून. तो किती टिकला? दोन रांगा. मागून तिचा तोच आवाज आला, कुठे चढलात? आणि त्या बाईंचा खर्जातला आवाज, "डंडॉक. माझी मैत्रीण राहते तिथे. जेवायला गेले होते." मग अधिकारीण हसली. हसून म्हणाली, "आज सगळेच डंडॉकला जेवायला गेले होते वाटतं?" मग पिशवीची चेन उघडल्याचा आवाज. मग, तिकीट दाखवा. मग, खाली उतरता का जरा, प्लीज. ते "प्लीज" ती फार सभ्यपणे म्हणाली.

बाई उठल्या. पिशवी ओढत वाटेतून पुढे येऊ लागल्या. आता त्या माझ्याकडे बोट दाखवणार, माझी खात्री होती. ही पण. हिला मीच शिकवलं. एवढंच म्हणायचं होतं, आणि मी त्यांच्या जागी असते तर म्हटलं असतं, देवाशपथ म्हटलं असतं. मी खिडकीकडे तोंड केलं. त्या आमच्या रांगेशी आल्या आणि थांबल्या, कारण पिशवीचं चाक आबांच्या सीटला अडकलं होतं. आबांनी वाकून ते सोडवलं. "थँक्यू, पपा," त्या म्हणाल्या. आणि उतरल्या. काचेतून मला त्यांचं पिवळं फडकं दिसत होतं. त्या दुसऱ्या अधिकाऱ्याला कागद दाखवत होत्या, मग घड्याळाकडे बोट करून काहीतरी समजावत होत्या. सकाळच्या ड्यूटीचंच असणार. बसचं दार बंद झालं. मी उठून सांगू शकले असते. "थांबा, मी पण" हे तीन शब्द. मला ते दोन भाषांत येत होते आणि मी ते एकाही भाषेत उच्चारले नाहीत.

बस हलली. आबांनी मान वळवून पुढून मागे नजर टाकली, ओठ हलवत, बोटानं हवेत टिंबं देत. मग स्वतःशीच म्हणाले, "एक पाशिंजर कमी."

घरी सगळं तसंच होतं. वहिनींनी पिठलं-भात केला होता, इरा वाढदिवसाचा फुगा घेऊन नाचत होती. दादांनी विचारलं, काय आबा, बघितली का बोट? आबांनी बोटीचं वर्णन केलं, रिव्हेटा, कोळसेवाले, भोंगे, सगळं. होड्यांचं सांगितलं नाही आणि बसचंही. वहिनी मला म्हणाल्या, "बघ, उगाच टेन्शन घेत होतीस थिसिसचं. एक दिवस बाहेर गेलीस तर काय बिघडलं?" मी हो म्हटलं. जेवण झाल्यावर आबांनी टोपी काढली, घडीतलं दुसरं तिकीट बाहेर घेतलं, मधोमध फाडलं आणि कचऱ्याच्या डब्यात टाकलं. स्वतःचं तिकीट गावी मित्रांना दाखवायला म्हणून ते ठेवणार होते. तेही टाकलं. त्यानंतर उरलेला महिना ते माझ्याशी नेहमीसारखेच वागले, चटणी द्यायचे, पोरी म्हणायचे. पण संध्याकाळी लसूण सोलताना फुकट्या प्रवाशांच्या गोष्टी बंद झाल्या. इरा मागे लागायची, "टेल द स्लीपिंग मॅन वन, आबा." ते म्हणायचे, "इसारलो बग."

मी थिसिस दिला. पदवी मिळाली, चेरीवूडची नोकरी मिळाली, पुढचं सगळं मिळालं. आज माझ्या पासपोर्टवर मला कुठेही अडवत नाहीत, आणि बेलफास्टच्या रस्त्यावर मी स्वतः गाडी चालवत कितीदा तरी गेले असेन. डंडॉक आलं की रेडिओचा आवाज मोठा करते. पहिल्या वर्षी मी त्या बाईंना शोधायचा प्रयत्न केला असं लिहायला मला आवडलं असतं. मी दोन वृद्धाश्रमांना फोन केले आणि पलीकडून "हॅलो" आल्यावर ठेवून दिले. नाव माहीत नसलेल्या माणसाबद्दल विचारणार काय? आणि समजा सापडल्या असत्या, तर सांगणार काय? तुमचं खोटं मी तुमच्या आधी वापरलं, हे?

आबा गावी गेल्यावर दर दिवाळीला मी फोन करायचे. तब्येत, पाऊस, खलबत्ता, सगळं बोलून झालं की ते आवाज खाली करून विचारायचे, "त्या बाईचं काय झालं, कळलं का गं?" मी म्हणायचे, नाही हो आबा. "हां," म्हणायचे. पुढच्या दिवाळीला पुन्हा. एकदा म्हणाले, "तिची ड्यूटी व्हती न्हवं सकाळी? चुकली आसंल." एवढंच. त्यांनी मला कधी एका शब्दानं बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं असं मला फार वेळा वाटलं.

शेवटचा फोन दिवाळीचा नव्हता. दादांचा मेसेज आला होता की आबांचं काही खरं नाही, बोलून घे. गावी पोचलेल्या वहिनींनी त्यांच्या कानाशी फोन धरला. आवाज पार खोल गेलेला, पण मला ओळखलं. तब्येत नाही, पाऊस नाही, सरळ तेच. "ती बाई?" आणि मी म्हटलं, "भेटली आबा! अहो, परवाच भेटली, दुकानात. तिनंच मला ओळखलं. त्या दिवशी तिला लगेच सोडलं होतं म्हणे. मागच्या गाडीनं आली ती डब्लिनला. सकाळची ड्यूटीपण चुकली नाही. तुमच्या चटणीची आठवण काढत होती." मला वाटलं लाइन गेली. मग त्यांचा श्वास ऐकू आला.

"बरं केलंस, सांगितलंस," आबा म्हणाले.

मी डोळे घट्ट मिटून उभी होते. माझ्या पापण्या फडफडत होत्या, आणि फोनवर ते दिसत नाही एवढ्याच आधारावर मी म्हटलं, "हो आबा. आता झोपा तुम्ही."